योगा क्लास नवीन लावताय? मग हे बघा

जेवून लगेच क्लासला जाऊ नका, पोट भरलेलं असलं की पुढे वाकताना सगळं वर येतं, निदान 3 तासांचं अंतर ठेवाच. बीपी, मणक्याचं दुखणं काही असेल तर आधीच सरांना नाहीतर मॅडमना सांगून ठेवा. आणि शेजारच्याचं बघून पहिल्याच दिवशी पायाचे अंगठे पकडायला जाऊ नका हो, पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून बसून पुढे वाकायचं आसन) हात पोटरीपर्यंत पोचले तरी चालतंय, हवं तर गुडघे थोडे वाकवा पण पाठीला कुबड येऊ देऊ नका. जास्त ताणलं जातंय हे कळणार कसं? श्वास अडकला की समजायचं, तिथून जरा मागे यायचं. मांडीमागे ताण बसला तर ठीक, सांध्यात कळ आली की लगेच सोडायचं. शेवटी निवांत पडून करायचं शवासन टाळून पळायची सवय मात्र लावू नका, अर्धा क्लास तेच करतो!