न सांगता आलेल्याला जागा कशी द्यावी

रत्नागिरीतल्या आमच्या कोवर्किंगमध्ये, म्हणजे पैसे भरून बसायच्या सामायिक ऑफिसात, बरेचजण न कळवताच येतात. कुणी दुपारी मांडवी एक्सप्रेसने उतरलेला असतो, कुणाच्या घरची लाईट गेलेली असते. आधी पाणी आणि गुळाचा खडा पुढे करा. दर आणि फॉर्म नंतर. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी बादली, रेनकोटसाठी खुंटी आणि कोरडा पंचा हवाच. ओली बॅग टेबलावर ठेवू देऊ नका, एक्स्टेंशन बोर्ड तिथेच असतात.

मग एवढंच विचारा, "आत्ता कॉल आहे का?" असेल तर थेट बंद खोलीत बसवा, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून द्या आणि इन्व्हर्टरवर कोणते प्लग चालतात ते तेव्हाच दाखवा. राउटरही इन्व्हर्टरवरच हवा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि कॉल बंद.

नेहमीच्या मेंबरची खुर्ची पाहुण्याला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. महिन्याचे पैसे भरणाऱ्याला उठवणं बरं नव्हे. ओळखी चहाच्या वेळी करून द्या.

परतीची गाडी कधी आहे तेही विचारून घ्या. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधी सांगून ठेवलेली बरी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. ते दाराजवळ लावून ठेवा.