जर्बिलच्या घरट्यासाठी काय वापरावं, काय टाळावं

कापसाच्या मुलखात पहिली गोष्ट कापसाचीच सांगायला हवी: जर्बिल या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याच्या घरट्यात कापूस घालू नका. सरकी काढलेली रुई नको, गादीतला पिंजलेला नको, औषधाच्या दुकानातला गुंडाळीचाही नको. ‘फ्लफी बेडिंग’ म्हणून पाकिटात मिळणारे मऊ कृत्रिम धागेही त्याच माळेतले. जळगाव-धुळ्याकडे घरोघरी कापूस हाताशी असतो. तो मऊ आणि ऊबदार म्हणून हात आधी त्याच्याकडेच जातो.

कापसाचा तंतू बारीक, लांब आणि चिवट असतो. जर्बिल घरट्यात सतत गोल फिरतं, उकरतं, तेव्हा तंतू पायाला गुंडाळला जातो. सुटायला ओढलं की फास आणखी आवळतो, रक्त थांबतं, पाऊल सुजून निळसर पडतं. वेळेत लक्षात आलं नाही तर पाय जातो. दुसरा धोका पोटातला. जर्बिल सगळंच कुरतडतं आणि उंदीरवर्गातल्या प्राण्यांना उलटी होत नाही, त्यामुळे गिळलेला गोळा आतड्यात अडकू शकतो. खाणं सुटलं, लेंड्या कमी झाल्या, पोट ताठ लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडचे बरेच पशुवैद्य गाई-म्हशी बघतात, म्हणून इतका छोटा प्राणी कोण तपासतं हे आधीच फोनवर विचारून ठेवलेलं बरं. पायाला सैल गुंडाळलेला धागा बोथट टोकाच्या कात्रीने कापता येतो. कातडीत रुतलेला मात्र ओढू नका.

ओढून बघा

कोणतीही वस्तू घरट्यासाठी घेताना चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी ओढा. पटकन तुटली तर चालेल. ताणली गेली किंवा बोटाला गुंडाळून राहिली तर बाद. काथ्या, लोकर, शिंप्याकडच्या चिंध्या, गोणपाट सगळे इथेच गळतात. गोणपाटात शेतमालावर मारलेल्या औषधाचा अंशही असू शकतो.

घरट्यासाठी कागदच

पांढरा, बिनवासाचा, न छापलेला टॉयलेट पेपर किंवा नॅपकिन सगळ्यात उत्तम. दोन जर्बिलसाठी टॉयलेट पेपरचे ८ ते १० तुकडे एका वेळी पुरतात. घरटं तुम्ही बांधू नका. कागदाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या फाडून पेटीच्या एका कोपऱ्यात टाका आणि बाजूला व्हा. जर्बिल पुढच्या दोन पायांत पट्टी उभी धरतं, दातांनी तिच्या लांबीच्या दिशेने चिरफाड करतं आणि तोंड भरलं की बिळात नेऊन टाकतं. दात झिजायलाही हे हवंच असतं, म्हणून तयार कातरण देण्यापेक्षा अखंड कागद चांगला. कागद संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी आणि अंड्यांच्या ट्रेचा कोरा, डाग नसलेला तुकडाही द्या.

गुळगुळीत रंगीत कागद, सोनेरी छपाईच्या लग्नपत्रिका, दुकानातली चकचकीत बिलं आणि ओले वाइप्स वापरू नका. वर्तमानपत्राची शाई अंगाला लागते, आणि कोरा कागद इतका स्वस्त असताना त्याची गरजही नाही.

खालचा थर

घरटं बिळात असतं, म्हणून आधी बीळ टिकलं पाहिजे. जाळीदार झाकणाची, साधारण १०० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच काचेची पेटी घ्या, माशांची जुनी टाकीही चालते. चाक, मडकं, पाण्याची वाटी या जड वस्तू सैल थरावर ठेवू नका. जर्बिल खालून उकरतं, वस्तू खचते आणि ते तिच्याखाली दबतं. या वस्तू थर भरण्याआधीच तळावर किंवा पक्क्या लाकडी चौरंगावर बसवा.

मग दोन भाग कागदी बेडिंग (पेटीत अंथरायचा कागदाचा मऊ चुरा) आणि एक भाग वाळलं गवत मिसळून २० ते २५ सेंमी भरा. एकदम ओतू नका. चार बोटांचा थर टाकून तळहाताने दाबा, मग पुढचा. गवताच्या काड्यांनी बोगद्याचं छत धरून राहतं. नुसत्या कागदी बेडिंगमध्ये ते कोसळतं.

वखारीतला भुसा फुकट मिळतो, पण तो टाळा. त्यात कोणतं लाकूड आहे ते कळत नाही. देवदार आणि पाइनमधली वासाची द्रव्यं श्वासनलिकेला आणि यकृताला त्रास देतात, प्लायवूडच्या भुशात गोंद असतो आणि बारीक धूळ तर सगळ्यातच असते. शिंका, श्वास घेताना टिकटिक आवाज, नाकाभोवती लाल पापुद्रा ही धुळीची लक्षणं. तो लाल रंग बहुधा रक्ताचा नसतो, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, पण नाकावरचे केस जाऊन जखम झाली तर डॉक्टरांना दाखवा.

गवत निवडताना

मारवेल किंवा हरळी वाळवलेली असेल तर छान. कुसळी गवत कटाक्षाने टाळा. त्याची टोकदार कुसळं डोळ्यात आणि तोंडात रुततात. पेंढी उलगडून गाजरगवत शिरलं आहे का तेही बघा. हरभऱ्याचं कुटार टोचतं आणि धूळ उडवतं. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचं गवत तर नकोच. निवडलेलं गवत गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात पसरा, मग पिशवीत बंद करून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पिसवा-गोचिडांसारखे कीटक उरणार नाहीत.

उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो. जर्बिल मूळचं मंगोलियाच्या कोरड्या प्रदेशातलं असलं तरी तिथे ते दुपारी जमिनीखाली असतं. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यात थर कमी करू नका, उलट पूर्ण ठेवा. आत मातीचं लहान, बिनचकाकीचं मडकं आडवं पुरा आणि पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. कूलरचा झोत मात्र पेटीवर येऊ देऊ नका. कूलरने हवा दमट होते आणि दमट हवेत जर्बिलची लव तेलकट, विस्कटलेली दिसू लागते. लव तशी दिसली की आधी कूलरची जागा बदला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तळापर्यंत हात घाला. थर ओलसर किंवा कुबट लागला तर तेवढा भाग काढून टाका.

सफाई

जर्बिल लघवी कमी करतं, त्यामुळे रोज साफ करायची गरज नसते. आठवड्याला ओला कोपरा तेवढा काढा. तीन-चार आठवड्यांनी अर्धा थर बदला आणि जुन्या घरट्याचा एक मूठभर भाग परत ठेवा. सगळा वास एकदम गेला तर जोडीत भांडणं लागू शकतात. काच गरम पाण्याने पुसा, फिनाइलने नाही.

मादी गाभण असेल तर विण्याच्या काही दिवस आधी कागद दुप्पट द्या. गर्भकाळ साधारण २४ ते २६ दिवसांचा असतो. पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मतात. डोळे उघडायला अडीच-तीन आठवडे लागतात. तोवर घरट्याला हात लावू नका, ओलं झालेलं दिसलं तरी शेजारी कोरडा कागद ठेवा. ते बदलण्याचं काम मादी स्वतः करते.