आखाजीला वाईन उघडताय? या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावई, नातवंडं, सगळं घर भरलेलं असतं. दुपारचं पान पितरांचं, तिथे वाईनचा विषयच नको. रात्री गच्चीवर वारा सुटला की बाटली काढावी. पण तोवर ती शाबूत राहायला हवी. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा सहज चाळिशीपार जातो.

बाटली बिघडते ती बहुतेक वेळा गाडीच्या डिकीत. नाशिकहून निघालेली गाडी वाटेत धुळ्याला जेवायला थांबते, बंद डिकी तापते, आतली वाईन प्रसरण पावून बूच वर ढकलते. कडेने ओघळ दिसला आणि चव शिजवलेल्या फळासारखी लागली, तर ती वाईन गार करूनही सुधारत नाही. बाटल्या बर्फाच्या पेटीत आणा. घरी माळ्यावर नको, फ्रीजमध्ये ठेवा.

‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशांतल्या घरांचा. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. आपल्या खोलीच्या तापमानाला ती नुसती जळजळते. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा, पुरे. व्हाइट ८ ते १० अंशांवर हवी. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली वीस मिनिटं मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात मधे हवा राहते, म्हणून वेळ लागतो. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली मात्र फुटू शकते.

सगळ्यात मोठी चूक जेवणाच्या जोडीची. भारी म्हणून तुरट, कडक रेड आणायची आणि काळ्या मसाल्याच्या शेवभाजीसोबत द्यायची! अल्कोहोलमुळे तिखट आणखी भडकतं, तुरटपणाने घसा कोरडा पडतो, आणि पाहुणा म्हणतो, ‘वाईन कडूच असते.’ दोष वाईनचा नसतो. शेवभाजीला किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाईन द्या. गोडवा तिखटाला आवरतो. हिरव्या मिरचीच्या भरिताला, त्याच्या धुरकट चवीला, कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रोझे (गुलाबी वाईन) छान बसते. मटणाच्या रश्श्याला कमी तुरट, फळाळ रेड चालेल. खापरावरच्या पुरणपोळीला आणि आमरसाला साधी व्हाइट देऊ नका, पुरणापुढे ती आंबट लागते. वाईन पदार्थाहून गोड हवी, म्हणजे लेट हार्वेस्ट, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन.

पेला काठोकाठ भरू नका, वास साठायला जागा लागते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात. पहिल्यांदा चाखणाऱ्यांना ५०-६० मिलीच द्या, म्हणजे एका बाटलीत बाराजण चाखतात. क्रम हलकीकडून जडकडे, गोड शेवटी.

बूच तुटलं तर स्क्रू तिरका घालून हळू ओढा. आत पडलेला चुरा स्वच्छ मलमलने गाळा. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते थंडीने जमलेले द्राक्षातले क्षार. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र ती बाटली बाजूला ठेवा.

आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय पंगत उठत नाही, पण तो पोळीपुरता ठेवा. गोळ्या चालू असलेले, गरोदर असलेली लेक, रात्री गाडी चालवणारा जावई यांच्यासाठी गार पन्हं त्याच पेल्यांत भरून ठेवा, कुणाला नकार द्यावाच लागणार नाही. उरलेली वाईन बूच लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.