दरोड्याचा विनोदी सिनेमा डब्यात पडू नये म्हणून

बेळगाव भागातल्या निपाणी, खानापूर, येळ्ळूरची पोरं माझ्याकडं गोष्टी घेऊन येतात. तंबाखूचं गोदाम, जुनी तिजोरी आणि एकमेकांवर भरवसा नसलेले चार चोर. गोष्टी खरंच चांगल्या असतात. मी टॉकीजवाल्यांकडून शो मिळवून देतो, त्यामुळं माझा पहिला प्रश्न एकच: वितरकानं सिनेमा अडवला तर तो सोडवायचा कसा, हे कागदावर लिहिलंय का?

‘मास्टरमाइंड्स’चं काय झालं बघा. ऑक्टोबर 1997 मध्ये अमेरिकेत शार्लट गावी लूमिस फार्गो या रोकड सांभाळणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतून तिथल्याच नोकरानं सुमारे 1 कोटी 73 लाख डॉलर पळवले, त्यावर जॅरेड हेस यांनी केलेली ही कॉमेडी. सिनेमा तयार होता, ट्रेलर येऊन गेला होता, ऑगस्ट 2015 ठरला होता. जुलैअखेर रिलेटिव्हिटी या वितरक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सगळं थांबलं. पडद्यावर आला तो 30 सप्टेंबर 2016 ला. ट्रेलर बघून हसलेली माणसं वर्षभर थांबत नसतात. एवढे नावाजलेले नट असून ही गत, तर आपल्या पोरांचं काय, या काळजीनं हे लिहितोय.

तर करार. हक्क कायमचे लिहून देऊ नका, ठरावीक मुदतीचा परवाना द्या. कॉपीराइट कायद्याचं 19(4) कलम पाठ करा: हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते आपोआप रद्द होतात. मेख त्या ‘वेगळं काही’मध्ये आहे. छापील करारात शेवटच्या पानांवर ‘19(4) लागू राहणार नाही’ असं एक वाक्य घातलेलं असू शकतं. ते खोडायला लावा. शिवाय सेन्सॉर सर्टिफिकेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत प्रदर्शन नाही झालं, तर हक्क परत, असं स्वतःहून घाला. बेळगावात चांगले मराठी वकील आहेत, त्यांची फी वाचवू नका. आणि मास्टरची, म्हणजे तयार सिनेमाच्या मूळ प्रतीची, एक हार्डडिस्क स्वतःच्या घरी ठेवा.

आपल्याकडं आणखी एक अडचण. सिनेमाच्या धंद्यात जुन्या हिशोबानं बेळगाव मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागात, येतं आणि राज्य मात्र कर्नाटक. करारात नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं तर आपण राहिलोच बाहेर! बेळगाव, निपाणी, खानापूर अशी नावं घालून घ्या.

सेन्सॉरचं दरोड्यापुरतं सांगतो. गुन्हा करायची पद्धत शिकवल्यासारखी दाखवू नये, अशी मार्गदर्शक सूचना आहे. तेव्हा कुलूप कसं उघडलं हे टप्प्याटप्प्यानं दाखवण्यापेक्षा उघडताना चोरांची उडालेली तारांबळ दाखवा. हसू तिथंच येतं. कुणी बिडी ओढली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान 30-30 सेकंदांची आरोग्याची सूचना लागते, बिडी दिसेल तेवढा वेळ खाली इशाराही. निपाणीची गोष्ट म्हटल्यावर हे येणारच, एडिटिंगलाच जागा ठेवा. 2024 पासून यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या सर्टिफिकेटचे, 7+, 13+, 16+ असे भाग झालेत. घरची सगळी माणसं यावीत असं वाटत असेल तर शिव्या लिहितानाच कमी करा.

तारीख ठरवताना 1 नोव्हेंबरचा आठवडा सोडा. एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवसांत टॉकीजवाला मराठी पोस्टर लावायला कचरतो आणि मला त्याचा राग येत नाही, काचा त्याच्याच फुटतात. पोस्टरवर मराठीबरोबर कन्नडही छापा. शेजारचा कन्नड माणूससुद्धा हसायला येतो, त्याला बोलवायला नको का?

शेवटचं, डिजिटल किल्ली. सिनेमाची फाइल कुलूपबंद येते, ती उघडणारी किल्ली त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरल्या वेळेपुरतीच चालते. गुरुवारी दुपारीच प्रत्येक टॉकीजमध्ये माणूस पाठवा आणि ऑपरेटरला पाच मिनिटं सिनेमा चालवून दाखवायला सांगा. शुक्रवारी सकाळी चुकीच्या सर्व्हरची किल्ली हातात आली, तर पहिला शो गेलाच समजा.