आरोग्य केंद्राचा निधी : मार्चमध्ये घाम फोडणाऱ्या या चुका टाळा

नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं ओपीडीत, लसीकरणात, प्रसूतीत काही अडत नाही. अडतं ते कॅशबुकपाशी. एमबीबीएसला लेखाशीर्ष (खर्च ज्या सरकारी मथळ्याखाली नोंदवायचा तो) हा शब्द कानावर पडलेला नसतो आणि इथे पहिल्याच आठवड्यात कनिष्ठ सहायक व्हाउचरांचा गठ्ठा सहीसाठी पुढे ठेवतो.

पहिली चूक सज्जन माणसाची असते : पैसे वाचवणं. घरात शिल्लक राहिली तर शाबासकी मिळते, सरकारी निधीत ‘अखर्चित’ हा शेरा मिळतो. पुढच्या वर्षीची मागणी वरचे लोक मागच्या खर्चावरूनच तोलतात. म्हणून मग फेब्रुवारी उजाडला की उलटी घाई सुटते. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरीच्या खर्चाच्या घाईला वित्तीय शिस्तीचा भंगच म्हटलं आहे, पण नियम बाजूला ठेवा. खरं नुकसान वेगळं आहे. मार्चमध्ये जे लागतं ते नव्हे, जे झटपट मिळतं ते घेतलं जातं. प्रसूतिगृहाचं छत गळत असतं, पण दुरुस्तीला अभियंत्याचं अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते, तेवढा वेळ नसतो. मग खुर्च्या येतात. छत जूनमध्ये पुन्हा गळतं, खाली नव्या खुर्च्या भिजतात. अंदाजपत्रकाचं पत्र एप्रिलमध्येच गेलं पाहिजे. केंद्राच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची पहिली सभाही त्याच महिन्यात घ्या आणि इतिवृत्तावर सह्या त्याच दिवशी घ्या. कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यावर, मंजुरी घ्यायची सवय लागली की लेखापरीक्षणात प्रत्येक कागद बोलायला लागतो.

दुसरी चूक अग्रिमाची, म्हणजे कामाआधी दिलेल्या उचलीची. शिबिरासाठी कर्मचाऱ्याला दहा हजार दिले आणि त्याच दिवशी खर्ची टाकले, हे सर्रास चालतं. दिलेला अग्रिम म्हणजे खर्च नव्हे. बिलं आली, उरलेली रक्कम जमा झाली की मगच तो खर्च. तोवर ती रक्कम अग्रिम नोंदवहीत त्या माणसाच्या नावावर उभी राहायला हवी. आधीच खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिलं असेल, तर खोट्या कागदावर तुमची सही आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

खात्यात पैसे आहेत की नाहीत, हा गोंधळही नेहमीचा. 2021 मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांसाठी नवी पद्धत आली : प्रत्येक योजनेचा पैसा राज्याच्या एकाच नोडल (मुख्य) खात्यात, तुमच्या खात्यावर फक्त खर्चाची मर्यादा. पासबुकात शून्य दिसलं म्हणून घाबरू नका, आणि मर्यादा दिसते म्हणून निवांतही बसू नका, कारण वरून दिलेली मर्यादा वरून काढूनही घेता येते. एका योजनेची मर्यादा दुसरीकडे वापरायचा मोह तर नकोच. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या संस्थात्मक प्रसूतीला मिळणारे 700 रुपये त्या बाईचे आहेत, रुग्णवाहिकेच्या डिझेलचे नाहीत.

औषधांत सगळ्यात जास्त पैसा मुरतो, आणि चूक असते साध्या भागाकारात. समजा, वर्षात एका गोळीचा खप 6,000 झाला. बाराने भागून महिन्याला 500 अशी मागणी जाते. पण त्यातले तीन महिने गोळी शिल्लकच नव्हती! म्हणजे नऊने भागायचं, मागणी जवळपास 667 ची. बाराने भागत राहिलात तर दरवर्षी तुटवडा पडतो आणि दरवर्षी घाईने, महागात स्थानिक खरेदी होते. सर्पदंशावरचं प्रतिविष, ओआरएस यांना तर सरासरी लावूच नये, त्यांचा पावसाळा वेगळा मोजा. ई-औषधी या ऑनलाइन साठा-नोंदीत दिसणारा साठा आणि कपाटातला साठा महिन्यातून एकदा स्वतः मोजून पाहा, मुदत आधी संपणारा खोका पुढे ओढा. सहा महिन्यांत मुदत संपणारं औषध जास्त असेल तर शेजारच्या केंद्राला विचारा. फेकण्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

यंत्र घेताना किमतीआधी रसायनांचा खर्च विचारा. काही रक्ततपासणी यंत्रांना त्याच कंपनीचं रसायन लागतं, आणि ते संपलं की यंत्रावर चादर पडते.

खरेदीचे तुकडे पाडून निविदेची मर्यादा चुकवू नका. एकाच पुरवठादाराची, एकाच आठवड्यातली बिलं लेखापरीक्षक सर्वांत आधी शोधतो.

आणखी एक. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. तरी जुन्या अंदाजपत्रकाची नक्कल करताना कुणीतरी जमेत ‘रुग्ण शुल्क’ लिहितंच, आणि ऑक्टोबरमध्ये खड्डा दिसतो.

बदली होऊन नव्या ठिकाणी प्रभार घेताना कॅशबुकची शिल्लक, बँकेचा ताळमेळ, उभे अग्रिम आणि जडवस्तू (फर्निचर, यंत्रं अशा टिकाऊ वस्तू) नोंदवही यांवर आधीच्या अधिकाऱ्याची सही घेतल्याशिवाय चहाही पिऊ नका. तो गडचिरोलीला पोहोचल्यावर फोनवर व्हाउचर सापडत नसतात.