आबाजींच्या माघारी घरातला उन्हाळा कसा चालवायचा

घरातलं मोठं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीची, पहिल्या संक्रांतीची सगळे मनाची तयारी करून ठेवतात, पण नागपुरात खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात. मार्च ते जून घरात जेवढी कामं निघतात तेवढी वर्षभर निघत नाहीत, कूलर काढा, माठ आणा, वर्षाचं तिखट करून आणा, आंबे पिकायला घाला, सुट्टीला आलेल्या पोरांना भर दुपारी घरात थांबवून ठेवा, आणि यातलं अर्धंअधिक आजी-आजोबाच करत असतात, तेही न सांगता. आमचे आबाजी म्हणजे माझे सासरे, पण मुलांमुळे सगळं घरच त्यांना आबाजी म्हणायचं. मागच्या पावसाळ्यात ते वारले. ज्यांच्याकडे यंदा असाच पहिला उन्हाळा येऊन राहिला आहे त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, होळीच्या आसपास एका संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसा आणि उन्हाळ्यात ते काय काय करायचे ते कागदावर लिहून काढा. लहान मुलांनाही बसवा, कारण मोठ्यांना जे आठवत नाही ते पोरांना बरोब्बर आठवतं. आमच्याकडे पक्ष्यांसाठी गच्चीवर पाण्याचं भांडं कोण भरायचं हे माझ्या धाकट्याने सांगितलं, आम्हा कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मग प्रत्येक कामापुढे नाव टाका, एक मोठा आणि एक लहान अशी जोडी. माणूस गेल्यावर आपण घड्याळ एकाला, अंगठी दुसऱ्याला असं वाटून घेतो ना, तशीच त्यांची कामं पण वाटून घ्यायची. सगळं एकट्या सुनेवर किंवा एकट्या मोठ्या मुलावर पडलं तर एप्रिल संपेपर्यंत चिडचिड सुरू होते आणि मग ज्यांच्या आठवणीसाठी करतोय त्यांचंच नाव त्या चिडचिडीत येतं, ते फार वाईट वाटतं.

आता कूलर. आमच्याकडे हे आबाजींचं खातं होतं, दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही, आणि बहुतेक घरांत असं एक खातं असतंच. होळी झाली की कूलर उतरवा, आधी जुन्या ताट्या, म्हणजे बाजूचे पाणी धरणारे पॅड, काढून फेका. लाकडी भुश्याच्या ताट्या दरवर्षी बदलायच्याच, स्वस्त असतात, एका सीझनमध्ये बोअरच्या पाण्याने पांढरा खार धरून कडक होतात आणि मग हवाच जात नाही. वाळ्याच्या महाग पडतात पण पहिलं पाणी पडल्यावर जो वास सुटतो त्यासाठी एका तरी कूलरला लावाव्यात असं माझं मत आहे, आबाजी आजीच्या खोलीतल्या कूलरला वाळ्याच्याच लावायचे. हनीकोंबवाल्या दोन-तीन वर्षं चालतात, फक्त त्या ब्रशने हलक्या हाताने धुवाव्या लागतात. नव्या ताट्या लावल्यावर पहिलं पाणी थोडा वेळ फिरवून टाकून द्या, रंग आणि उग्र वास निघून जातो.

वरच्या पाइपला जी बारीक भोकं असतात ती एकेक करून दाभणाने मोकळी करा, हे काम दहा-बारा वर्षांच्या पोराला फार आवडतं आणि नीट करतात. भोकं बुजली की ताटीचा एक पट्टा कोरडा राहतो आणि त्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा सरळ खोलीत येते, लोक म्हणतात कूलर काम करत नाही, काम करत असतो, भोकं बुजलेली असतात. टाकीच्या तळाला गंज असेल तर घासून, वाळवून डांबराचा हात द्या. आबाजी स्टँडच्या मागच्या दोन पायांखाली फरशीचे पातळ तुकडे सरकवायचे, त्याने टाकीला नळाच्या बाजूला किंचित उतार येतो आणि पाणी सोडलं की तळाशी गाळ उरत नाही. माझा मोठा यंदा तेच तुकडे माळ्यावरून शोधून घेऊन आला, एका तुकड्याच्या मागे आबाजींनी खडूने बाण काढून ठेवलेला होता, कुठली बाजू वर ते कळायला.

आणि करंट. हे मी दोनदा वाचा म्हणून सांगते. नागपुरात दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. टाकीत पाणी भरताना, पंपाला हात लावताना, ताटी हलवताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून बाहेर ठेवायचा. तीन पिनचाच प्लग, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून सीझनच्या सुरुवातीला तपासून घ्या, मीटरजवळ ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारं बटण, नसेल तर बसवून घ्या, खर्च जास्त नाही. पाणी भरायचं काम मुलांना कधीच द्यायचं नाही, ओल्या फरशीवर अनवाणी तर मोठ्यांनीही नाही. आठवड्यातून एक वार ठरवून टाकी रिकामी करा आणि आतून घासा, नुसतं पाणी ओतून देऊन चालत नाही कारण डेंगूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, घासल्याशिवाय निघत नाहीत. खोलीची समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसली की नुसता चिकटपणा होतो.

माठ, पन्हं, दुपट्टा यावर नागपूरकराला काय सांगायचं, सगळ्यांना येतं. पन्ह्याचं एवढंच की कैरीचा गर एक वाटी असेल तर गूळ दीड ते दोन वाट्या, वेलची, मीठ, आणि गर काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे पोरं स्वतः करून पितात. 23 मे 2013 ला इथे 47.9 डिग्री नोंदवलं गेलं आहे, तेव्हा बारा ते चार घरातच, यावर वाद नको. पोराला ऊन लागलं, अंग भाजतंय, बरळतंय, नीट उत्तर देत नाही असं दिसलं तर सावलीत घ्या, अंग ओलं करून पंखा लावा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

अक्षय्य तृतीया मात्र नीट करा. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने नवं मातीचं मडकं पाण्याने भरून पूजतात, वर आंबा ठेवतात, पानात आमरस, कुरडई, पापड, चिंचोणी म्हणजे चिंचेचं आंबटगोड पाणी असते, आणि पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कोणी तोंडाला लावत नाही. वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर गेलेल्या माणसाचं नाव त्यात घ्यायचं की नाही हे घराघरात वेगळं असतं, घरातल्या मोठ्या बाईला किंवा गुरुजींना आधी विचारून घ्या, त्या दिवशी सकाळी त्यावर चर्चा नको. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं, "यंदा नाव नको, पण त्यांच्या आवडीचा आंबा आणा." मग आबाजी आणायचे तसे रसाचे गावरान आंबे शोधून आणले, बाजारात सगळीकडे बैगनपल्लीचे ढीग असतात, गावरान शोधावे लागतात.

आंबे घरीच पिकवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी वापरणारे वापरतात, आणि घरची आढी पोरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. कैरी घेताना देठाजवळचे खांदे वर आलेले पहा, देठ खड्ड्यात बसल्यासारखा दिसला की ते फळ भरलेलं असतं, कोवळं फळ कितीही दिवस ठेवा, सुरकुततं पण गोड होत नाही. हवेशीर कोपऱ्यात पोतं अंथरून त्यावर तणस म्हणजे भाताचा पेंढा, मग एकमेकांना न चिकटवता आंब्यांचा थर, पुन्हा तणस, वर पोतं. तणस मिळालं नाही तर वर्तमानपत्र चालतं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो आत कोंडला की बाकीची फळं पण पिकतात, आणि एक सडका आंबा राहिला तर आजूबाजूचे पण त्याच्यासोबत जातात म्हणून रोज हात फिरवून पहायचं. आबाजी आंबा दाबून पाहू द्यायचे नाहीत, डाग पडतो म्हणायचे, देठाकडून वास घ्यायला लावायचे. आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या धाकटा पोत्यात नाक घालून बसलेला असतो. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा, रस हाताने काढा, आणि घरात कोणाला रसासोबत खायचे कणकेचे सरगुंडे येत असतील तर त्यांच्याकडून यंदाच शिकून घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. आमच्याकडे आत्याला येतात, काडीवर कणीक गुंडाळायची तिची जी पद्धत आहे ती पाहून शिकल्याशिवाय जमत नाही, सांगून जमत नाही.

तिखटाचं काम थोडक्यात, आबाजी मूळचे भिवापूरकडचे म्हणून आमच्याकडे भिवापुरी मिरचीच लागते, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे ती, उन्हात कडक वाळवून, देठं मोडून मग कांडपावर न्या, लहान मुलांना त्या खोलीतून लांब ठेवा.

दुपारचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. पत्ते, कॅरम आहेच. पण या पहिल्या उन्हाळ्यात दुपारचा तासभर आठवणी गोळा करायला ठेवा असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण ज्यांना आबाजींचं लहानपण माहीत आहे ती माणसं पण आता म्हातारी झाली आहेत. सुट्टीत आत्या, काका, चुलत आजोबा येतात तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल द्या आणि व्हॉइस रेकॉर्डर चालू करून ठेवायला सांगा. व्हिडिओ नको, कॅमेरा दिसला की म्हातारी माणसं पदर सावरतात, भाषण दिल्यासारखं बोलतात. कूलर तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलर ऐकू येतो. प्रश्न छोटे आणि ठोस विचारायला शिकवा. "आबाजी कसे होते?" विचारलं की "फार चांगले होते" एवढंच मिळतं. त्यापेक्षा शाळेत कसे जायचे, पहिला पगार कशावर खर्च केला, मार कोणाचा खाल्ला, घरात कूलर नव्हता तेव्हा दुपारी कुठे झोपायचे असं विचारा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं आणि गावं लिहून घ्या, पेनची शाई पुढे उमटते.

अशाच एका दुपारी काकांनी सांगितलं की आबाजी भिवापूरहून नागपूरला शिकायला नॅरोगेजच्या छोट्या गाडीने यायचे, तिकिटाचे पैसे आजीबाईंनी लुगड्याच्या गाठीत बांधून दिलेले असायचे. मुलांनी ती गाडी कधी पाहिलीच नव्हती, नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. म्हणून मग मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवायला नेलं, 14 डिसेंबर 2002 ला सुरू झालेलं आहे, जुनी इंजिनं आणि डबे आहेत. तुमच्या घरच्या माणसाचं आयुष्य एम्प्रेस मिलमध्ये गेलं असेल, किंवा इतवारीच्या दुकानात, कॉटन मार्केटमध्ये, तर एखाद्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलांना तिथे घेऊन जा आणि जागेवर उभं राहून सांगा. एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली होती, आता तिथे गेलं तर मुलांना मॉल दिसतो, म्हणून सांगावं लागतं की इथे तीन पाळ्यांचे भोंगे व्हायचे.

लहान मुलं विचारतातच, आबाजी कुठे गेले. देवाघरी गेले म्हणा, पण वारले आणि आता परत येणार नाहीत हेही सरळ सांगा. झोपलेत किंवा गावाला गेलेत असं सांगू नका, मूल झोपायला घाबरतं नाहीतर रोज दारात वाट पाहतं. मुलासमोर रडू आलं तर येऊ द्या.

आणि घरात जे मागे राहिलं आहे त्यांच्याकडे लक्ष ठेवा, माझ्या मते सगळ्यात जास्त. आमच्या आई आणि आबाजी चार वाजता कूलरसमोर बसून चहा घ्यायचे, भर मे महिन्यात पण चहाच. ती वेळ त्यांना फार जड जाते. तेव्हा चारच्या चहाला कोणी बसायचं याच्या पण पाळ्या लावा, कागदावर, कूलरच्या कामासारख्याच. काही बोललंच पाहिजे असं नाही. त्या आबाजींबद्दल तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागल्या तर "हो, सांगितली तुम्ही" म्हणू नका, पूर्ण ऐका, दर वेळी त्यात काहीतरी नवीन निघतं. स्वयंपाकघरातून त्यांना एकदम मोकळं करू नका, बसून करता येतील अशी कामं, चिंचेचे चिंचोके काढणं, कुरडया राखणं, त्यांच्याकडेच राहू द्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवेत दमटपणा आला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाऊस नीट लागला की टाकी कोरडी करून, मोटरला तेलाचे दोन थेंब देऊन, प्लास्टिक बांधून ठेवा, फरशीचे तुकडे त्याच्याच आत. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात, तेवढ्या दिवसांत सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकून प्रत्येक फाइलला नाव द्या, कोण बोललं, कशाबद्दल, कुठल्या महिन्यात. एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका, एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक आत्याकडे, एक काकांकडे.