रेवाला दुसरा पॅक जोडताना

अमळनेरला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. केळीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी भरणं हा धंदा, आणि जुनी रेवा ही छोटी इलेक्ट्रिक कार माझी रोजची गाडी. परवा एक ओळखीचे शेतकरी विचारत होते, "भाऊ, गाडीले आखो एक बॅटरी लावता येई का?" लावता येते. मी लावली आहे. कशी, ते सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हे काम फक्त 48 व्होल्टच्या गाडीचं. हल्लीच्या मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी (बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा करंट) असतो. तिथे हात घालू नका, मीसुद्धा घालत नाही. एवढा डीसी माणसाला धरतो आणि चूक सुधारायला दुसरी संधी देत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. कागद आधी, पाना नंतर.

रेवात मुळात पुढच्या सीटखाली सहा व्होल्टच्या आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या येतात, वजन अडीचशे किलोच्या वर. त्या मेल्यावर मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे 100 अँपिअर-तासाचे 16 सेल लावले. एक सेल 3.2 व्होल्टचा, म्हणजे पॅक (सगळे सेल मिळून झालेली बॅटरी) 51.2 व्होल्टचा, साधारण पाच युनिटचा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर व्हायचे. पण धुळ्याला जाऊन परत यायचं म्हणजे सत्तरच्या पुढे. शिवाय चढावर क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचा) 300 अँपिअर दाखवायचा, आणि 100 च्या सेलकडून 300 ओढणं म्हणजे बैलजोडीचं काम एका बैलाकडून करून घेणं. दुसरा पॅक घ्यायचं खरं कारण हेच. एका सेलचं वजन दोन किलोच्या आसपास, त्यामुळे दोन पॅक मिळूनही गाडी मूळच्यापेक्षा हलकीच राहते.

दुसरा पॅक पहिल्यासारखाच हवा: तीच केमिस्ट्री, तेवढेच 16 सेल. लेड-अ‍ॅसिडच्या जोडीला लिथियम लावायचं नाही. प्रत्येक पॅकला स्वतंत्र बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं, गरज पडली तर पॅक तोडणारं सर्किट), स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र अमीटर. नवे सेल आधी सिरीजमध्ये (एकाचा पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या निगेटिव्हला) बीएमएस लावून चार्ज करा, मग सोडवून सगळे पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) करा आणि पॉवर सप्लाय 3.65 व्होल्टवर बसवून करंट जवळजवळ शून्यावर येईपर्यंत ठेवा. सप्लायचा व्होल्टेज सेल जोडायच्या आधी बसवायचा, जोडल्यावर नाही.

फ्यूजबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे पंपाच्या पेटीतला एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) काढून लावायची सवय आहे. इथे तो चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आत पेटलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. एमसीबी उघडतो, पण आत आर्क (तीच ठिणगी) जळत राहतो आणि प्लास्टिक वितळतं. क्लास टी प्रकारचा डीसी फ्यूज घ्या. मी प्रत्येक पॅकला 200 अँपिअरचा लावला आहे, पॅकच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एक वीतभर अंतरात. तारेचा जो तुकडा फ्यूजच्या आधी आहे, त्याला कोणी वाचवणारं नसतं.

केबल 50 चौरस मिलिमीटरची, तांब्याची. दोन्ही पॅकच्या केबल सारख्याच लांबीच्या कापा. एक आखूड राहिली की तो पॅक जास्त भार उचलतो आणि आधी थकतो. केबलच्या टोकाला बसणारा लग हातोडीने चेपू नका, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. माझा बारा नंबरचा पाना एकदा दोन टर्मिनलवर आडवा पडला. अर्ध्या सेकंदात टोक पांढरं झालं आणि बसबारला (सेल जोडणाऱ्या पट्टीला) चिकटलं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. तो पाना आता दुकानात खिळ्याला टांगलेला आहे, नवीन पोऱ्या आला की आधी तोच दाखवतो.

आता दोन्ही पॅकची पॅरलल जोडणी, इथेच गाड्या जळतात. दोन पॅकमध्ये दोन व्होल्टचा फरक असेल आणि वाटेतला सगळा रोध 20 मिलीओहम असेल, तर जोडताक्षणी 100 अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतो. आणि हे सेल मीटरला फसवतात: अर्धा भरलेला आणि पाऊण भरलेला जवळपास सारखाच व्होल्टेज दाखवतात. म्हणून मी दोन्ही पॅक वेगवेगळे 58.4 व्होल्टपर्यंत पूर्ण भरतो, चार्जर काढतो आणि रात्रभर सोडतो. सकाळी दोन्ही 53-54 च्या आसपास असतात. फरक एक दशांश व्होल्टच्या आत असेल तरच पुढे जायचं. आधी दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडा. दोन्हींचे पॉझिटिव्ह आधी 1 ओहम, 100 वॉटच्या रेझिस्टरमधून जोडा, फरक शून्यावर आला की मग थेट. मोटार चालवणारा कंट्रोलर त्या वेळी मेन स्विचने तोडलेला असू द्या.

चार्जर तोच चालतो, वेळ दुप्पट लागतो. मूळचा बॅटरीचा काटा मात्र खोटं सांगू लागतो, शंट (करंट मोजायला तारेत बसवायची पट्टी) लावून वेगळा मीटर बसवा. अमीटरवर एक पॅक शून्य दिसला तर गाडी लगेच बाजूला घ्या, कारण सगळा भार दुसऱ्यावर आलेला असतो.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. दोन पॅकमध्ये दोन बोटं हवा ठेवा, आणि चार्जिंग पहाटे करा, उन्हातून आल्या आल्या नाही.

पहिल्यांदा धुळ्याला जाऊन आलो, गाडी सावलीत लावली, मेन स्विच पाडला आणि हातमोजा घालून एकेका लगाजवळ थर्मामीटर धरला. सात लग बाकीच्या केबलइतकेच गरम होते. आठवा बारा अंशांनी जास्त, त्याचा नट अर्धा आटा सैल निघाला. सेलच्या कागदावर दिलेल्या टॉर्कवर तो घट्ट केला, मग बाकीचे सातही पुन्हा तपासले.